मोहाची नऊशे साठ रोपं

अड्याळ, १४ जानेवारी २०२४

भोजाभाऊ,

आई आठ दिवसांपासून मागे लागली आहे म्हणून लिहिते आहे. माझ्या मनाने लिहिलं नसतं.

आई बरी आहे. गुडघे धरतात, पण चूल सोडत नाही. तुझ्या बांधीतला धान ईश्वरकाकांनी कापून दिला. तुला नागपूरच्या जेलमध्ये हलवल्याचं आईला सांगितलं आहे. जन्मठेप झाली हे सांगितलेलं नाही. "बरीच वर्षं" एवढंच सांगितलं. ती बोटं मोजत बसते.

तुला येणारं प्रत्येक पत्र तिथले साहेब आधी उघडून वाचतात, असं तुझे वकील लक्ष्मणराव म्हणाले. म्हणून वाचण्यासारखं तेवढंच लिहिते.

एक मात्र विचारायचं आहे. भंडाऱ्याच्या कोर्टात तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलंस. म्हणालास, "इनं पहिले मारलं साहेब. मी जागेश्वरले वाचवून राहिलो होतो." सख्ख्या बहिणीवर आळ घालताना तुला काहीच वाटलं नाही? न्यायाधीशांनी ते मानलं नाही, मानणारही नव्हते. त्या दिवशी मोहाच्या लागवडीत आपण तिघंच होतो. जागेश्वर मेला. तू आरोपी. राहिले मी, आणि माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. आता पुन्हा कुणाजवळ ते बोलू नकोस. आईच्या कानावर गेलं तर ती कुणाची म्हणून राहील?

जागेश्वरच्या बायकोला, शकुनबाईला, मी त्याच्याच जागी राखणीला लावून घेतलं आहे. ती रोज सकाळी येते. तुझं नाव घेत नाही.

कामिनी


अड्याळ, ३ मार्च २०२४

भोजाभाऊ,

तुझं उत्तर नाही. आईला सांगितलं, तिकडे कागद वेळेवर मिळत नाहीत.

आज लागवडीबद्दल लिहिते. तेव्हा तू ऐकून घेत नव्हतास, हे खरं. पण मीही तुला कधी जवळ बसून सांगितलं नाही. मी आपली "प्रयोग, प्रयोग" करत हिंडायची आणि गाव मागून मला नॅनोबाई म्हणायचं.

गोष्ट साधी होती. राइस मिलमध्ये धानाचा भुसा जाळतात. त्या राखेत सिलिका असते. मी ज्यांचं काम करते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचे इतके बारीक कण करतात, की केसाच्या जाडीत हजारभर एका ओळीत बसतील. ते पाण्यात कालवून रोपाच्या मुळाशी दिले, की रोप तहान जास्त दिवस काढतं. पानातून पाणी कमी उडतं, मूळ लवकर खोल जातं. आपल्याकडे मोहाचं बी पावसात भरपूर उगवतं, पण पावसाने पंधरा दिवस खंड पाडला की सगळं करपून जातं. शिवारातले मोह पाहा, सगळे आजोबांच्या वयाचे. त्यांच्यामागे एकही कोवळं झाड उभं नाही. ते पडतील तेव्हा फुलं वेचायला कुठे जायचं?

म्हणून नऊशे साठ रोपं. चोवीस ओळी, ओळीत चाळीस. एक ओळ राखेच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. जमिनीत लावली की पुन्हा थेंब द्यायचा नाही. कोण जगतं, कोण मरतं ते फक्त पाहायचं. आई म्हणायची, "लेकरं तहानेनं मारून राहिली का व?" मी हसायची.

आणि जागा. बोडीच्या वरची ती चार एकर कागदावर गायरान होती, पण बाबा गेल्यापासून तिथे तू तूर पेरत होतास. बोडीच्या पलीकडे दुसरी जागा होती. तिथली माती तळ्याच्या पाण्याने ओल धरते, मला कोरडी, मुरमाड हवी होती. ग्रामसभेत मी स्वतः उठून तुझ्या तुरीकडे बोट दाखवलं. घरी येऊन तुला म्हणाले, सरपंचाने ठरवलं. तू दोन दिवस जेवला नव्हतास.

काटेरी तारही मीच सांगून लावून घेतली. आणि तुझा ढवळा बैल आपणहून त्या तारेत अडकला, असं मी कोर्टात सांगितलं. तसं नव्हतं. नऊ मेच्या दुपारी तो आत शिरून रोपं तुडवत होता. मी दगड मारले. तीन. तिसरा डोळ्याजवळ बसला आणि तो उधळून सरळ तारेवर गेला. पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. तू बोडीकडून ओरडत आलास. दोन्ही हातांनी त्याची आतडी आत लोटत होतास, आणि तो पाय झाडत होता, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा बाहेर येत होती. डॉक्टर येईपर्यंत त्याला तसं ठेवणं तुला जमलं नाही. तूच त्याच्या कपाळात कुऱ्हाडीची बोथट तुंबी घातलीस. दोनदा घालावी लागली.

मी पाण्याच्या टाकीमागे उभी होते. तू गेल्यावर रजिस्टरमध्ये लिहिलं, "सात रोपं तुडवली गेली." बैलाबद्दल काही लिहिलं नाही.

साहेबांनी हे वाचलं तरी चालेल. बैलासाठी कुणी मला पकडून नेणार नाही.

कामिनी


अड्याळ, २१ एप्रिल २०२४

भोजाभाऊ,

आज शकुनबाईने मला विचारलं.

आम्ही दोघी सावलीत बसून भाकरी खात होतो. ती एकदम म्हणाली, "बाई, मरताना कायी बोलला का तो?"

मी म्हटलं, "नाही."

"कायीच नाही?"

"नाही."

मग तिनेच मान हलवली. म्हणाली, "कसा बोलन म्हना. तुया भावानं त्याचा गळा दाबून धरला होता ना. आवाज निंगाले जागा तं पायजे." आणि भाकरीचा तुकडा मोडून तिने माझ्या हातावर ठेवला. माझी भाकरी संपली होती हे तिच्या लक्षात आलं होतं.

गळा दाबला, हे तिला कुणी सांगितलं? मी. कोर्टात, शपथ घेऊन. आणि पोलिसांनाही, पहिल्याच दिवशी.

दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसून भाकरी खाते आहे. आज तिने दिलेला तुकडा खाल्ला नाही. उठून रोपांत गेले आणि तो मातीत पुरला.

भाऊ, तू एका शब्दाचं तरी उत्तर दे. शिवी दे.

कामिनी


अड्याळ, ९ जून २०२४

भोजाभाऊ,

हे पत्र तिथले साहेब वाचतील. वाचू देत. या वेळी मी त्यांच्यासाठीही लिहिते आहे.

अकरा मे, दोन हजार बावीस, ढवळा गेल्याचा तिसरा दिवस. सकाळचे साडेदहा. मी लोखंडी सब्बल घेऊन पाचव्या ओळीत होते, मेलेल्या रोपांचं मूळ किती खोल गेलं ते खणून पाहत होते. एक जूनला शेवटची मोजणी. एकवीस दिवस उरले होते. साध्या पाण्याची चारशे ऐंशीपैकी सत्त्याण्णव जिवंत होती. राखेच्या पाण्याची तीनशे एक्केचाळीस. बेचाळीस अंशांच्या उन्हात, थेंबभर पाण्याविना, तीनशे एक्केचाळीस! मी कुणाला सांगितलं नव्हतं. कागदावर बरोबर यायचं होतं म्हणून दम धरला होता.

तू तार ओलांडून आलास ते पहिल्या ओळीपासून सुरू झालास. एका हातात कुऱ्हाड, पण ती तू रोपांना लावली नाहीस. दुसऱ्या हाताने उपटत होतास. उपटायचं, मुळाशी मोडायचं, फेकायचं. रोप मोडल्याचा आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं. जागेश्वर झोपडीतून धावत आला. "भोजा, अबे काय करून राहिला? माया पोटावर काहून मारतं?" तू म्हणालास, "तू बाजूले हट. मी कोनाले हात लावत नाही. मले हे उपटू दे, मंग मी चाललो." 

"मी कोनाले हात लावत नाही." हे मी स्वच्छ ऐकलं. कोर्टात मी सांगितलं, तू म्हणालास, "आज एकालेबी जित्ता ठेवत नाही."

तू चौथ्या ओळीत आलास. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारली नाही. मी दोन्ही हातांनी सब्बल उचलली आणि तुझ्या डाव्या खांद्यावर, मानेजवळ घातली. हाड मोडल्याचं मला हातात जाणवलं. तू ओरडत गर्रकन फिरलास, उजवा हात कुऱ्हाडीसकट फिरला. तू कुणाला पाहिलं नव्हतंस. आणि जागेश्वर माझी सब्बल धरायला मध्ये आला होता. कुऱ्हाड त्याच्या मानेत बसली.

तो खाली बसला. पडला नाही, बसला, जेवायला बसावा तसा. रक्त माझ्या चेहऱ्यावर आलं, गरम होतं. तू कुऱ्हाड टाकलीस. दुपट्टा काढलास, त्याच्या मानेवर गुंडाळलास, त्याला आडवं केलंस आणि एका गुडघ्यावर बसून एकाच चालत्या हाताने जखम दाबून धरलीस. तो बोलला, भाऊ. रक्ताच्या गुळण्यांतून, पण बोलला. म्हणाला, "भोजा, दाबून धर."

तू म्हणालास, "धरलं गा, धरलं. कामे, पानी आन!"

मी पाणी आणलं नाही. मी पुन्हा सब्बल उचलली आणि तुझ्या त्या हातावर मारली. ज्या हाताने तू जखम दाबली होतीस, त्याच हातावर. तीन बोटं मोडली. तुझा हात सुटला आणि त्याचं रक्त कारंजासारखं उडालं. तू पुन्हा तीच मोडकी बोटं टेकवलीस. मी पुन्हा मारलं.

पहिल्या वेळी मला खरंच वाटलं की तू त्याचा गळा दाबतो आहेस. डोळ्यांत रक्त होतं. दुसऱ्या वेळी मला कळत होतं. तुझा चेहरा मला दिसत होता. तू रडत होतास. तरी मारलं. मला तेव्हा जागेश्वर दिसत नव्हता, तू दिसत नव्हतास. तुझ्या मागे मोडून पडलेल्या साडेतीन ओळी दिसत होत्या.

तो किती वेळ जगला असता मला माहीत नाही. अड्याळचा दवाखाना मोटरसायकलने दहा मिनिटांवर आहे. दाबून धरलं असतं तर कदाचित पोहोचला असता. हे मी रोज मोजते.

बोडीचा गाळ काढणारी माणसं धावत आली तेव्हा मी ओरडले, "भोजानं जागेश्वरले मारलं." त्यांनी तुला तारेच्या खांबाला बांधलं. टिकासाच्या दांड्यांनी मारलं, दगडांनी मारलं. तुझा मोडलेला खांदा त्यांनी मागे ओढून बांधला होता आणि तू जनावरासारखा ओरडत होतास. पोलीस यायला तासभर लागला. तो तासभर मी एक शब्द बोलले नाही. "थांबा" एवढं म्हणायचं होतं. मी गावातली शिकलेली बाई. माझं ऐकलं असतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाल्यावर मी रजिस्टर उघडलं. जागेश्वरचं रक्त मातीत काळं पडलं होतं, त्यावर माशा होत्या, आणि मी ओळींतून फिरून रोपं मोजली. उपटलेल्यांपुढे लिहिलं, "जनावरांनी नष्ट केली."

कोर्टात तू खरं सांगितलंस. प्रत्येक शब्द खरा होता.

कामिनी


अड्याळ, ३० जून २०२४

भोजाभाऊ,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

मी शकुनबाईला सांगितलं. आधी वकिलाकडे जाणार होते, मग वाटलं, तिला कोर्टाच्या कागदावरून कळायला नको. सकाळी तिच्या अंगणात गेले. ती सारवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुझ्या खांद्यापासून त्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत. काही गाळलं नाही.

तिने शेणाचे हात पदराला पुसले. मग विचारलं, "दाबून धर म्हनला?"

"हो."

"अन् तूनं हात काढला."

"हो."

तिने भिंतीला टेकवलेला फावडा उचलला. पहिला घाव पाठीत बसला. मी हात वर केला, दुसरा मनगटावर बसला आणि हाड मोडलं. मग ती थांबली नाही. दांडा मोडला तेव्हा पायाने मारलं, केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. तिची पोर मोना धावत आली, "माय, मरन ते! माय, सोड!" म्हणून तिच्या कमरेला लोंबकळली. शकुनबाई ओरडत होती, "दोन वर्सं माया भाकरी खाल्ल्या इनं! माया हातच्या भाकरी खाल्ल्या!"

मी पळाले नाही. हे चांगुलपण म्हणून सांगत नाही. तिच्या मुठीत माझे केस होते.

मोनानेच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डोक्याला नऊ टाके आहेत. डॉक्टरांना मी ओट्यावरून पडले म्हणून सांगितलं. ते एक खोटं मी अजून सांगणार आहे, आणि ते तुला लिहून साहेबांनाही सांगते आहे. शकुनबाईवर कुणी केस करायची नाही.

काल लक्ष्मणरावांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, कळते का, खोट्या साक्षीत तुम्ही आत जाल?" मी म्हटलं, लिहा. ते नागपूरला अपिलासोबत लावतील. कॉलेजला त्याआधीच पत्र पाठवलं होतं, की अहवालातला आकडा खोटा आहे, साडेतीन ओळी माणसाने उपटल्या होत्या आणि त्याला कारण मी होते. परवा त्यांनी मला कामावरून कमी केलं.

आईला अजून सांगायचं आहे. तिला सांगायला मला शकुनबाईपेक्षा जास्त भीती वाटते.

कामिनी


अड्याळ, १२ फेब्रुवारी २०२६

भोजाभाऊ,

निकालाचा कागद लक्ष्मणरावांनी काल वाचून दाखवला. खून नाही, हातून झालेलं मरण. पावणेचार वर्षं भोगली तेवढी शिक्षा पुरे. सोमवारी सकाळी दहा वाजता सोडतील म्हणाले. माझ्यावरची केस भंडाऱ्याला सुरू झाली आहे. पुढची तारीख मार्चमध्ये. लक्ष्मणराव म्हणतात, तीन-चार वर्षं धरून चाला. मी धरून चालले आहे.

इकडचं तुला माहीत असावं म्हणून सांगते. शकुनबाई आमच्या गल्लीने येत नाही, मोना मात्र आईकडे येते. तुझ्या सुटकेला तिने विरोध केला नाही. लक्ष्मणरावांना म्हणाली, "त्याच्या हातून झालं, त्यानं केलं नाही. पन मले त्याचं तोंड दाखवू नका." तेव्हा बोडीकडच्या वाटेने जाऊ नकोस, निदान काही दिवस.

लागवड आता दुसरे लोक पाहतात. मागच्या उन्हाळ्यात मी तारेबाहेरून मोजलं. राखेच्या पाण्याची दोनशे साठच्या वर उभी आहेत, काही माझ्या कमरेएवढी. साध्या पाण्याची एकोणतीस. म्हणजे ते खरं होतं, भाऊ. मी मारलं नसतं तरी ते खरंच निघालं असतं. तू चौथ्या ओळीनंतर थकून थांबला असतास, आणि उरलेल्या वीस ओळी तेच सांगणार होत्या. तुझा हात थांबायची वाट पाहायला मला दहा मिनिटं लागली असती.

आईला सगळं माहीत आहे. सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जेवत नाही. स्वतः रांधते, माझं ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते.

दोन वर्षांत तुझं एकच पत्र आलं, मागच्या आठवड्यात. आईने ते मोनाकडून वाचून घेतलं, मला नंतर दिलं. चार ओळी. मोडक्या बोटांनी लिहिलेल्या, त्यामुळे मलाही लावून वाचाव्या लागल्या. "कामे, सारी पत्रं भेटली. सायबानं वाचून दाखवली, माया हातानं कागद धरवत नाही. आईले सांग, येऊन राहिलो. सुटलो का पहिले तुलेच भेटतो."

आई ते वाक्य धरून बसली आहे. शेजारणींना सांगते, "पाहा, पहिले बहिनीले भेटतो म्हनला." दोन वर्षांनी ती हसली. घर सारवलं. तुझी खाट उन्हात टाकली.

मी ते वाक्य वीसेक वेळा वाचलं आहे. लहानपणी तू बोलायचास तो आवाज त्यात लावून पाहिला, आणि अकरा मेच्या सकाळचा आवाजही लावून पाहिला. दोन्ही बसतात.

म्हणून मी ठरवलं आहे. सोमवारी पहाटेच्या गाडीने वरठीहून निघते. आईला बरोबर आणत नाही, गुडघ्यांचं कारण सांगितलं आहे. दहाच्या आधी मी जेलच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे एकटीच उभी असेन, पिवळ्या लुगड्यात, म्हणजे तुला लगेच दिसेन. तू रस्ता ओलांडून ये. तुझ्या मनात जे असेल ते तिथेच कर, मी हात वर करणार नाही आणि कुणाला बोलावणारही नाही. फक्त घरी पोहोचेपर्यंत थांबू नकोस. आईसमोर नको.

तुझी,
कामी